पुण्याचे संग्राहक

वाशीच्या हॉलमधल्या प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता आणि बाबांच्या एकाही चित्राला गिऱ्हाईक मिळालं नव्हतं.

ज्येष्ठ नागरिकांच्या चित्रकला वर्गाने ते प्रदर्शन भरवलं होतं. बाकीच्यांनी गणपती, कमळं, समुद्रकिनारे, जुन्या घरांचे दरवाजे काढले होते आणि त्यांच्या सुना-जावई ती चित्रं हौसेने विकत घेत होते. चित्र विकलं गेलं की त्याच्या खाली लाल टिकली चिकटवायची, अशी पद्धत होती. बाबांची चित्रं कोपऱ्यात लावलेली, जिथे पंख्याचं वारं पोचत नाही तिथे. सगळी कळंबोलीच्या लोखंड बाजाराची. सळयांचे भारे, पत्र्याच्या गुंडाळ्या, एकावर एक रचलेले पाइप, आणि सगळ्यावर गंज. नारिंगी, तपकिरी, जांभळट, काही ठिकाणी चक्क काळा गंज. एक बाई थांबल्या, नीट बघितलं आणि म्हणाल्या, "काका, हे दुकान तुमचं आहे का?"

"नाही हो," बाबा म्हणाले, "मी नुसता बघायला जातो."

त्या हसल्या आणि कमळांकडे गेल्या. बाबाही हसले. त्यांनी आईने घेतलेला क्रीम रंगाचा शर्ट घातला होता. दुपारी शर्टाला चुणी पडू नये म्हणून ते खुर्चीला न टेकता बसले होते.

बाबा आयुष्यभर ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्त झाले, पाठोपाठ आई गेली, आणि नेरूळच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच उरलो. मी ऑफिसला जायची, ते टीव्हीसमोर बसायचे. टीव्हीचा आवाज बंद. संध्याकाळी मी यायची तेव्हाही त्याच जागी. असं बरेच दिवस चाललं. मग आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना खिडकीच्या ग्रिलसाठी लोखंड घ्यायचं होतं. "काका, चला, तुम्हाला यातलं कळतं," म्हणून ते बाबांना कळंबोलीला घेऊन गेले. बाबा परत आले ते तळहात लाल करून. हात न धुता माझ्यापुढे धरून म्हणाले, "हा रंग कुठल्या डबीत मिळेल गं?"

तिथून चित्रं सुरू झाली. टीव्ही बंदच झाला.

त्यामुळे त्या दिवशी, त्या कोपऱ्यात, मला ते खुर्चीवर अवघडून बसलेले बघवेनात. मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि ऑफिसातल्या मित्राला फोन लावला. हा मित्र मूळचा तळवलीचा, तिथल्या गावठाणातच वाढलेला. त्यांची शेती केव्हाच गेली, आता चार मजली इमारत आहे, भाडेकरू आहेत. पण त्याची खरी हौस नाटकाची. ऑफिसच्या नाट्यस्पर्धेत न्यायाधीश, मंत्री, सरदार अशी कामं नेहमी त्याच्याकडे. मी त्याला म्हटलं, "एक चित्र विकत घ्यायला ये. पैसे माझे."

"मी कसा येऊ? काकांनी मला बघितलंय." खरंच होतं. वर्षापूर्वी त्यांच्या गावदेवीच्या जत्रेला मी बाबांना घेऊन जेवायला गेले होते. मग तोच म्हणाला, "थांब. टेन्शन नको घेऊस. तू आत जा."

मी आत गेले. थोड्या वेळाने बाबांचा मोबाइल वाजला. मी शेजारी उभी होते, मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता. सत्तरीतला, जरा नाकातला, एकेक शब्द तोलून बोलणारा आवाज. माझ्या मित्राचा आहे हे माहीत असूनही मला ओळखता आला नाही. आपण पुण्याहून बोलतोय, सकाळी एका कामासाठी वाशीत होतो, गर्दी सोसत नाही म्हणून प्रदर्शन घाईने बघून निघालो, पण ते पत्र्याच्या गुंडाळ्यांचं चित्र डोळ्यांपुढून हलत नाहीये. नंबर आयोजकांकडून घेतला. चित्र कुणाला दिलं तर नाही ना? माणूस पाठवतो.

बाबा उभे राहिले. "नाही नाही, आहे," म्हणाले. मग आयोजकांच्या टेबलाशी जाऊन त्यांनी स्वतः टिकल्यांची पट्टी मागितली. टिकली सुटता सुटेना. शेवटी मी ती नखाने सोडवून दिली आणि त्यांनी ती चित्राच्या खाली अंगठ्याने दाबून बसवली. बराच वेळ दाबत राहिले.

संध्याकाळी एक टेम्पोवाला माझ्याच पैशांचं पाकीट घेऊन आला आणि चित्र घेऊन गेला. ते तळवलीला पोचलं.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. ठरलंही तसंच होतं. पण पुढच्या रविवारी सकाळी बाबा मला म्हणाले, "त्या पुण्याच्या गृहस्थांना एक फोन करू का? चित्र नीट पोचलं का ते विचारायला?" मित्राने बायकोच्या जुन्या नंबरावरून फोन केला होता. मी स्वयंपाकघरातून त्याला मेसेज टाकला, "फोन येतोय, घे." त्याने घेतला.

त्यानंतर दर रविवारी. कधी बाबा करत, कधी तिकडून येई. बाबा गॅलरीत उभे राहून बोलत. सुरुवातीला मी मित्राला वाक्यं लिहून द्यायची. आदल्या दिवशी ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून आम्ही ठरवायचो: रचनेबद्दल हे म्हण, रंगाबद्दल ते म्हण, फार कौतुक करू नकोस, मध्ये एखादी चूक काढ. मला ते जमत होतं. मी रहस्यकथा लिहिते. तोवर दोन कादंबऱ्या आल्या होत्या, आणि माणसाला खोट्यावर विश्वास बसावा म्हणून त्यात किती खरं मिसळावं, हा माझा हातखंडा विषय होता. चूक काढायची कल्पना माझीच. ती फार लागू पडली. "त्यांना कळतं हां," बाबा जेवताना म्हणाले. "गुंडाळ्यांमागच्या त्या डाव्या पाइपाची सावली चुकलीये, मला माहीत होतं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं."

पुण्याच्या संग्राहकांनी पुढे आणखी चित्रं घेतली. बाबांचा चेहरा बदलला. ते सोसायटीच्या मीटिंगला जायला लागले, तिथे भांडायला लागले, आत्याला फोनवर "आमचे पुण्याचे संग्राहक" असं म्हणायला लागले. मी चहा गाळता गाळता ते ऐकायची. आनंदही व्हायचा आणि गरम चहा हातावर सांडल्यासारखंही वाटायचं.

मग बाबांनी पुण्याला जायचं काढलं. "भिंतीवर कशी दिसतात ते बघू. त्यांनाही भेटू." मी संग्राहकांचे गुडघे दुखवले. मग त्यांना मुलाकडे परदेशात पाठवलं. ते परत आले, तर बाबांनी त्यांनाच नेरूळला जेवायला बोलावलं. मी कँटीनमध्ये मित्राला म्हटलं, "आता ह्या संग्राहकांना मारायला लागणार. हार्ट अटॅक. झोपेत."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "नको," म्हणाला. "अगं, मला पण आवडतं बोलायला. मी आता तुझी वाक्यं नाही वापरत. चित्रं वरच्या खोलीत लावून ठेवलीयेत, ती बघत बोलतो. माझा बाप माझ्याशी कधी असा बोलला नाही."

मी हसले आणि विषय सोडून दिला. त्याने सांगितलेलं मात्र मी विसरले नाही. मी ते वापरलं.

त्याच सुमाराला प्रकाशक नव्या कादंबरीसाठी मागे लागले होते आणि माझ्याकडे काही नव्हतं. मी एका शनिवारी बसले आणि लिहिलं: एक म्हातारा चित्रकार, त्याला खूश ठेवायला मुलांनी उभा केलेला खोटा संग्राहक, खाडीकाठच्या गावात एका इमारतीच्या वरच्या खोलीत ठेवलेली चित्रं. मग ती चित्रं खरंच चोरीला जातात, बाजारात त्यांच्या नकला फिरायला लागतात, आणि एक खून. गोष्ट धावतच सुटली. इतकं भराभर मी कधीच लिहिलं नव्हतं. म्हातारा मी पुण्याचा केला, त्याला मिशा दिल्या, दारूचं व्यसन दिलं. वाचकाला हसू यावं म्हणून त्याला जरा गर्विष्ठ आणि पुष्कळ बावळट केला. एवढं बदललं की झालं, असं मी स्वतःला सांगितलं.

पण बोलणं मी बदललं नाही. रविवारी बाबा गॅलरीत जे बोलत ते मी ऐकत होते, आणि त्यातलं जे चांगलं होतं ते जसंच्या तसं उचलत होते. एकदा ते फोनवर म्हणाले होते, "गंज म्हणजे घाण नाही हो. लोखंड श्वास घेतं, तो असा दिसतो." कांदा चिरता चिरता माझा हात थांबला. ते वाक्य कादंबरीत म्हाताऱ्याच्या तोंडी आहे. समोरचा खोटा संग्राहक तोंडावर रुमाल धरून हसू दाबतो, असा प्रसंग आहे तो.

बाबा वाचतील अशी भीती मला नव्हती. त्यांनी माझी पहिली कादंबरी उघडून मिटली होती. "तुझ्या पुस्तकात पहिल्याच पानावर माणूस मरतो," म्हणाले होते, "मला नाही सोसत." दुसरी त्यांनी उघडलीच नव्हती.

मुखपृष्ठाचं काम अडलं होतं. एकही चित्र प्रकाशकांना पसंत पडेना. त्यांच्या ऑफिसात बसले असताना मी सहज मोबाइलमधला बाबांच्या चित्राचा फोटो दाखवला. तोच, पत्र्याच्या गुंडाळ्यांचा. "हेच पाहिजे," ते म्हणाले. मला नाही म्हणता आलं असतं. पण बाबांचं चित्र पुस्तकावर येणार, खरोखर छापून येणार, यात कुठलाही बनाव नव्हता. मला वाटलं, माझ्याकडून एक तरी खरी गोष्ट त्यांना मिळेल.

बाबा किती खूश झाले! रविवारी गॅलरीतून मोठ्या आवाजात सांगत होते, "माझं चित्र मुखपृष्ठावर येतंय. मुलीच्या पुस्तकावर. हो, तिची रहस्यकथा असते." पलीकडे मित्र काय म्हणाला असेल कोण जाणे. सोमवारी तो मला भेटला तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "पुस्तकात काय आहे?" मी म्हटलं, "खून आहे." त्याने पुढे विचारलं नाही.

पुस्तकं घरी आली. बाबांनी एक प्रत घेतली, मुखपृष्ठ उजेडात धरून रंग कसा उतरलाय ते पाहिलं, थोडा पिवळटपणा आलाय म्हणाले. मग खुर्ची गॅलरीत ओढली आणि पहिलं पान उघडलं.

"वाचताय?" मी विचारलं.

"माझं चित्र आहे ना. आत काय आहे ते तर बघायला हवं."

ते सावकाश वाचत, पूर्वी नकाशे तपासत तसे, बोट ओळीखाली धरून. खूण म्हणून लाइट बिल ठेवलेलं. मी ऑफिसातून आले की आधी ते बिल कुठवर सरकलंय ते बघायची. म्हातारा येतो त्या प्रकरणापर्यंत. मग खोट्या फोनपर्यंत. पुस्तक हरवून टाकावं असं माझ्या मनात आलं. सांगून मोकळं व्हावं असंही आलं. एका संध्याकाळी मी त्यांच्यासमोर जाऊन उभीही राहिले. त्यांनी मान वर केली. मी म्हटलं, "चहा टाकू?" ते म्हणाले, "टाक."

"कसं वाटतंय?" मी एकदा विचारलं.

"वाचतोय," ते म्हणाले. त्या रविवारी त्यांनी पुण्याला फोन केला नाही. तिकडून आला तो त्यांनी घेतला नाही. वाजू दिला.

दोन-तीन दिवसांनी मी ऑफिसात असताना मित्राचा फोन आला. आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी त्याने रजा घेतली होती. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "अगं, काका आलेत. हितं. तळवलीला. वरच्या खोलीत बसलेत."

घर त्यांना कसं सापडलं हे मला विचारावं लागलं नाही. कादंबरीत मी सगळं लिहून ठेवलं होतं: निळ्या टाइल्स लावलेली चार मजली इमारत, दारात होडीच्या आकाराचं सिमेंटचं तुळशीवृंदावन, समोर गावदेवीचं देऊळ. जत्रेच्या दिवशी बाबांनी त्या होडीसारख्या वृंदावनाचं कौतुक केलं होतं. मिशा आणि दारू मी बदलली, होडी मात्र तशीच ठेवली. इतकी सुंदर गोष्ट सोडवली नाही माझ्याने.

मी ऑफिसमधून निघून बेलापूरहून रिक्षा केली. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होते. एकही वाक्य पुरं होत नव्हतं.

वरच्या खोलीचं दार उघडं होतं. बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. समोरच्या भिंतीवर त्यांची चित्रं एका रांगेत, ओळंब्यात लावल्यासारखी सरळ. मित्र दाराशी भिंतीला टेकून उभा, शाळेत वर्गाबाहेर काढल्यासारखा. त्याची म्हातारी आई एका डोळ्याला हिरवी पट्टी लावून पलंगावर बसली होती, आणि बाबांशी तीच काय ती बोलत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. मुलाच्या ऑफिसातल्या बाईचे वडील आलेत, एवढंच.

एक चित्र रांगेत नव्हतं. ते पलंगाच्या डोक्याशी, खिडकीच्या शेजारी टांगलं होतं. बाबांनी बोटाने दाखवून विचारलं, "हे तिथे का?"

"त्या भितीला पानी धरतंय," म्हातारी म्हणाली. "केवडा डाग परलेला. पोरगा बोलला, आये, ह्यो लाव. बरा दिसतंय. तुमी काढलाव तं परत डाग दिसंल."

बाबा उठले. जवळ जाऊन चित्र थोडं पुढे ओढलं, मागे डोकावून डाग पाहिला. खरंच मोठा होता, हिरवट काळा. त्यांनी चित्र परत नीट टेकवलं.

"राहू द्या," म्हणाले. "गच्चीवरून गळत असेल. तिथे आधी बघा."

मग त्यांनी मला पाहिलं. "आलीस? चल," म्हणाले, जणू मी त्यांना न्यायलाच येणार होते. दाराशी मित्राने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "काका, मी चित्रं आणून देतो," तो म्हणाला. आवाज त्याचा स्वतःचा होता. बाबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, जणू तो नाकातला आवाज त्या चेहऱ्यावर कुठे बसतो ते शोधत होते.

"त्या पाइपाची सावली," ते म्हणाले, "चुकलीये हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मित्राने माझ्याकडे पाहिलं. "ते हिने," तो म्हणाला. "पण पुढचं सगळं माझं होतं, काका. काळ्या गंजाचं मी बोललो होतो. आणि ती सळयांची टोकं."

बाबांनी मान हलवली आणि जिना उतरायला लागले.

रिक्षात ते बाहेर बघत बसले. मी दोनदा "बाबा" म्हटलं. तुर्भ्याजवळ ट्रेलर्सची रांग लागली होती, आमची रिक्षा त्यांच्या मध्ये अडकली. बाजूच्या ट्रेलरवर सळया लादलेल्या होत्या. एरवी बाबांनी मान बाहेर काढून पाहिल्या असत्या. ते रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत म्हणाले, "चित्रं तू विकत घेतलीस, ते मला समजतं. तुझ्या आईनेही तेच केलं असतं."

मी रडायला लागले.

"पण नंतर तू मला विकलंस," ते म्हणाले.

आवाज चढवला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. पुढची रिक्षा हलली, आमची हलली. मला म्हणायचं होतं की तो म्हातारा तुम्ही नाही, त्याला मिशा आहेत. असलं काहीतरी खरोखर माझ्या तोंडात आलं होतं. ते मी बोलले नाही, एवढं बरं केलं.

घरी आल्यावर मी माफी मागितली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली. ते "हं" म्हणाले. भांडले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याशी बोलत होते, दूध आणलं का, गॅसचा नंबर लावला का, सगळं. कादंबरीही त्यांनी शेवटपर्यंत वाचली आणि कपाटात माझ्या इतर पुस्तकांच्या शेजारी ठेवली. "खुनी कोण ते मला आधीच कळलं होतं," म्हणाले. कौतुक होतं की टीका, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

रविवारी सकाळी त्यांचा फोन वाजला. पडद्यावर "पुणे संग्राहक" अशीच अक्षरं होती. बाबा गॅलरीच्या दाराशी उभे राहिले. वाजणं थांबायच्या जरासं आधी त्यांनी तो उचलला. मी स्वयंपाकघरात होते. मित्राने काय म्हटलं ते मला नंतर त्यानेच सांगितलं. "काका, मी बोलतोय, तळवलीवरून," एवढं म्हणून त्याला पुढे सुचेना. मग बाबांनीच विचारलं, "गच्ची बघितली का?"

तिथून त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं. आता दर रविवारी मित्र गाडी घेऊन येतो, खाली हॉर्न वाजवतो, वर येत नाही. दोघं कळंबोलीला जातात, कधी आणखी कुठे. बाबांचे रंग, ब्रश, स्टूल, सगळं हळूहळू तळवलीच्या त्या खोलीत गेलं. आमच्या घरात आता टर्पेंटाइनचा वास येत नाही. मित्रावर त्यांनी राग धरला नाही, याचं मला आधी आश्चर्य वाटलं, मग रागही आला. तोही खोटं बोलला होता, माझ्याइतकंच. एकदा कँटीनमध्ये मी हे त्याला बोलून दाखवलं.

"मी त्यांच्याशी खोटं बोललो," तो म्हणाला. "तू त्यांच्याबद्दल बोललीस." मग त्याला वाईट वाटलं असावं, कारण त्याने स्वतःच्या डब्यातलं सुकटीचं कालवण माझ्या ताटात वाढलं.

मी विचारलं, "सध्या काय काढतायत?"

तो चमचा फिरवत राहिला. "सांगितलंय त्यांनी," म्हणाला, "हिला दाखवू नकोस म्हणून."

दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी प्रकाशकांना सांगून ते श्वासाचं वाक्य काढून टाकलं. ते कुरकुरले, वाचकांना तेच आवडतं म्हणाले. मी हट्ट धरला. त्या जागी काही घातलं नाही, परिच्छेद तसाच मिटवला. कुणाच्या लक्षात आलं नाही. नवी प्रत मी टीपॉयवर ठेवली होती. बाबांनी ती उचलून मुखपृष्ठ पाहिलं, या वेळी रंग बरा उतरलाय म्हणाले, आणि खाली ठेवली. आत उघडून पाहिलं नाही. मीही सांगितलं नाही.

तेव्हापासून मी नवीन काही लिहिलेलं नाही. लिहिणार नाही असं नाही. माझा स्वभाव मला माहीत आहे. परवाच लिफ्टमध्ये दोन शेजारणी बोलत होत्या आणि त्यातलं एक वाक्य मी मनात घोळवत घरापर्यंत आणलं.

संध्याकाळी कधी कधी आत्याचा फोन येतो. बाबा हॉलमध्येच बोलायला सुरुवात करतात. मग मी घरात आहे हे त्यांच्या लक्षात येतं. ते उठतात, गुडघ्यावर हात ठेवून, गॅलरीत जातात आणि काचेचं दार सरकवून लावून घेतात. काच आहे, मला त्यांचे हातवारे दिसतात. हल्ली फोन वाजला आणि नाव आत्याचं असलं, की मी आपणहून स्वयंपाकघरात जाते आणि बेसिनचा नळ मोठा सोडून भांडी घासायला घेते, घासलेली असली तरी. त्यांना उठायला लागू नये म्हणून. कधी ते बसून राहतात, कधी तरीही उठतात.